आई दिवसभर पाणी प्यायली नाही

मी मूळचा लातूरकडचा. रत्नागिरीत सतरा वर्षं झाली. इथल्याच बातम्या करून पोट भरलं, त्यामुळे आता कुणी 'बाहेरचे' म्हटलं की रागच येतो. मागच्या महिन्यात आई-अण्णा पहिल्यांदा चार दिवस राहायला आले. कोल्हापूरला गाडी बदलून, आंबा घाट उतरून. आई बहात्तर वर्षांची, शुगर आहे, गुडघे गेलेत. समुद्र तिनं आयुष्यात पाहिला नव्हता.

पहिला दिवस अण्णांचा. निवृत्त मास्तर, त्यामुळे टिळकांचं जन्मघर, मग 1931 चं पतितपावन मंदिर, मग थिबा राजवाडा. ब्रह्मदेशाच्या राजाचं राज्य 1885 ला गेलं, 1910 ला हा वाडा झाला, 1916 ला राजा इथंच वारला, हे मी पाठ केलेलं सांगितलं. अण्णा खाली खाडीकडं बघत म्हणाले, "कैदेत ठेवलं, पण जागा झकास दिली लेकांनी."

दुसऱ्या दिवशी आरे-वारे. वरच्या वळणावर गाडी थांबवली. आई दोन मिनिटं काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "एवढं पाणी, अन् पिता येईना." ज्या लातूरला 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथली बाई दुसरं काय बोलणार!

पुढं गणपतीपुळे झालं, आणखी एक किनारा झाला. शहाळं दिलं, "नको." बाटली पुढं केली, "तहान नाही रे." ऊन हे एवढं! शेवटी बायको माझ्या कानात म्हणाली, "अहो, त्या सकाळपासून पाणी प्यायल्या नाहीत. प्यायलं तर जायचं कुठं?"

मी बातमीदार. मला चार वाजेपर्यंत कळलं नाही.

त्या किनाऱ्यावर शौचालय आहे बरं का. टाईल्स लावलेलं, बाहेर पाटी, दाराला कुलूप. कुलूप इतकं गंजलेलं की किल्ली असली तरी लागणार नाही. शेजारी रंगीत दिव्यांचा सेल्फी पॉइंट मात्र चालू. किनाऱ्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की तेवढ्या एका कुलपाला तेल घालून फोटो टाकतील आणि विषय संपला म्हणतील.

शेवटी कोकम सरबत विकणाऱ्या एका ताईंनी आईला मागच्या वाडीत आपल्या घरी नेलं. सुट्टीच्या दिवशी अशा दहा-बारा जणी त्यांच्या घरी येतात. त्यांच्या शेजारच्या स्टॉलवाल्या, ज्यांचं घर लांब आहे, त्या दिवसभर आईसारख्याच तहानलेल्या बसतात. म्हणजे हा प्रश्न फक्त पाहुण्यांचा नाही.

आता कुणी म्हणेल, पर्यटक घाण करतात म्हणून कुलूप लावावं लागतं. अहो, घाण होते म्हणूनच तर साफ करणारा माणूस लागतो! एसटी स्टँड घाण होतो म्हणून कुणी एसटी बंद करत नाही. खरी गोष्ट वेगळी आहे. बांधकामाचं बिल निघतं, उद्घाटनाची फीत कापता येते. रोज सकाळी फिनेल टाकणाऱ्या माणसाच्या पगाराला फीत नसते. म्हणून इमारत उभी राहते आणि माणूस नेमला जात नाही.

आणि यात मीही आहे. त्या सेल्फी पॉइंटच्या उद्घाटनाची बातमी मीच केली होती, रंगीत फोटोसकट. शेजारच्या कुलपावर एक ओळ लिहिली नाही. पुरुषाला आडोसा कुठंही सापडतो, म्हणून ते कुलूप मला दिसलंच नव्हतं.

फार काही मागत नाही. प्रत्येक किनाऱ्यावर सूर्योदयापासून रात्री नऊपर्यंत उघडं शौचालय, नळाला पाणी, आणि दारावर जबाबदार माणसाचं नाव अन् फोन नंबर. पाच-दहा रुपये घ्या, लोक देतील. जिथं वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तिथं नळाला पाणी नाही ही सबब तरी सांगू नका.

येत्या सोमवारी मी लेखी अर्ज देतोय. आपापल्या भागातल्या कुलपांचे फोटो, ठिकाण आणि तारखेसह कमेंटमध्ये टाका, अर्जाला जोडतो. फुलं-हात जोडलेले पाठवू नका, फोटो पाठवा.

आई-अण्णा गुरुवारी परत गेले. एसटीत बसताना आईला बाटली दिली, तिनं ती पिशवीत ठेवली. कोल्हापूर येईपर्यंत उघडली नाही, असं अण्णा फोनवर सांगत होते.