सैल सायलेन्सर

म्हैसूर येथे १९६१ पासून १९९६ पर्यंत प्रथम जावा व पुढे येझदी या नावाने ज्या मोटारसायकली तयार झाल्या, त्यांपैकी काही आमच्या खानापूर-बेळगावकडील खेड्यांत अद्याप चालत आहेत. आजोबांनी घेतली, मुलाने चालविली आणि आता नातू तिच्यावर डोळा ठेवून आहे, अशी त्यांची परंपरा. आमच्याही पडवीत अशीच एक जुनी येझदी उभी असते. गेल्या पावसाळ्यात ती एकाएकी मोठ्याने बोलू लागली. धाकट्या चिरंजीवांस तो आवाज मोठा मर्दानी वाटला. शेजाऱ्यांस तो तसा वाटला नाही.

या गाडीच्या सिलिंडरमधून धूर बाहेर नेणारे पाईप दोन असतात. प्रत्येक पाईप पंखे असलेल्या गोल नटाने सिलिंडरला आवळलेला असतो व मध्ये पॅकिंग असते. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळलेले असल्याने धुराबरोबर थोडे ऑइलही येते, आणि गळका सांधा स्वतःच आपली चुगली करतो : त्याच्याखाली काळा, तेलकट ओघळ उमटतो. इतकेही दिसत नसेल तर थंड गाडी अंगणात सुरू करून सांध्याजवळ कागदाची पट्टी धरावी. ती फडफडली की जागा सापडली. बोट लावून पाहण्याचा उत्साह कोणी करू नये.

आम्हांस ओघळ दिसला, आणि आम्ही छिन्नी-हातोडा घेतला. पाना शोधण्याचा आळस, दुसरे काय! नट आवळला गेला, त्याचा एक पंखा तुटला, आणि चौथ्या दिवशी नट पुन्हा सैल. मग गाडी तालुक्याच्या एका वृद्ध मिस्त्रींकडे नेली. त्यांनी पुढे पाहिलेच नाही. मागे जाऊन सायलेन्सरखाली पायाचा चवडा घातला व तो उचलला. सायलेन्सर चांगला दोन बोटे हलला. "अहो, दुखणे पाठीला आणि लेप कपाळाला?" ते म्हणाले. सायलेन्सर फ्रेमला धरून ठेवणारा मागचा बोल्ट केव्हाच गळून पडला होता. त्यामुळे प्रत्येक खड्ड्यागणिक त्या लांब, जड नळीचा सारा हिसका पुढच्या नटावर बसत होता. तापणे आणि निवणे यांनीही नट ढिला होतोच; पण त्यात हा हिसका मिळाला म्हणजे आटे झिजतात. नट नवा मिळेल. सिलिंडरवरचे आटे गेले तर सिलिंडर उतरवून लेथवाल्याचे दार गाठावे लागते.

मिस्त्रींची रीत अशी. इंजिन पूर्ण निवू द्यावे. गंजलेल्या नटावर आदल्या रात्री ऑइल सोडावे व दुसऱ्या दिवशी तो आकड्याच्या पान्याने काढावा. जुन्या पॅकिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते व त्याची धूळ फुप्फुसांस घातक असते. म्हणून ते ओले करून काढावे, कोरडे खरवडू किंवा फुंकू नये. बैठकीवरची काजळी पुसून नवे पॅकिंग घालावे. नटाचे पहिले दोन-तीन फेरे हातानेच फिरले पाहिजेत. अडला तर आटा चुकला असे समजून मागे घ्यावा. मागचे बोल्ट तोवर ढिलेच ठेवावेत. प्रथम पुढचा नट, मग जोडावरचा क्लॅम्प आणि शेवटी मागचा बोल्ट आवळावा. मागचे भोक जुळत नसेल तर पाईप पहारीने ओढून बसवू नये. वॉशर घालून अंतर भरावे. मग गाडी दहा मिनिटे चालवून, निवू देऊन, नट पुन्हा एकदा आवळावा. ही शेवटची पायरी आम्ही प्रत्येक वेळी विसरत आलो होतो.

आवाजापेक्षा अधिक काळजीची गोष्ट निराळीच आहे. पाऊस असला की चिरंजीव पडवीचे दार लोटून आतच गाडी तापवीत. पडवीला लागून मातोश्रींची खोली. त्यांचे डोके सकाळी जड असे. आम्ही तो दोष वयाला व चष्म्याला देत होतो. धुरातील कार्बन मोनॉक्साइड या वायूस रंग नाही, वास नाही. डोकेदुखी, घेरी, मळमळ अशी त्याची सुरुवात होते आणि कोंदट जागी तो प्राणही घेतो. सायलेन्सर धड असला तरी हा वायू बाहेर पडतोच. मातोश्रींचे दुखणे त्यामुळेच होते असे आम्ही शपथेवर सांगणार नाही. परंतु गाडी अंगणात ढकलून सुरू करावी असा दंडक घातल्यापासून त्यांची सकाळची तक्रार ऐकू आलेली नाही. चिरंजीव पावसात भिजतात, ते भिजोत.

सुट्या भागांविषयी एक सूचना. जावा हे नाव २०१८ मध्ये व येझदी हे २०२२ मध्ये बाजारात परत आले. परंतु ती इंजिने चार स्ट्रोकची असल्याने त्यांचे हे भाग जुन्या गाडीस चालत नाहीत. दुकानात जाताना जुना नट फडक्यात गुंडाळून बरोबर न्यावा. नुसत्या वर्णनावर भलतेच माप हाती पडते आणि बेळगावची खेप फुकट जाते.