‘एनेबल’ म्हणजे पांघरूण घालणं

मेहकरच्या एका वाचक भगिनींचं पत्र आहे. नवऱ्याच्या दारूपायी त्या समुपदेशकांकडे गेल्या. ते म्हणाले, “ताई, तुम्हीच त्यांना ‘एनेबल’ करता.” घरी येऊन मुलाच्या डिक्शनरीत पाहिलं, तर अर्थ ‘समर्थ करणे’! त्या विचारतात, “समर्थ करणं वाईट कसं हो?”

भगिनींनो, डिक्शनरी चुकलेली नाही. धाकट्या जावेला शिवणकाम शिकवलंत, ती चार पैसे मिळवू लागली, तर तुम्ही तिला एनेबल केलंत. हा झाला चांगला अर्थ.

दुसरा अर्थ व्यसनमुक्तीच्या कामात रूढ झाला. अमेरिकेत १९३५ साली दारू सोडू पाहणाऱ्यांची ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ ही संघटना सुरू झाली, आणि १९५१ साली त्यांच्या घरच्यांसाठी ‘अल-अ‍ॅनॉन’. आपल्याकडे पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी ‘मुक्तांगण’ काढलं. तिथेही व्यसनी माणसांच्या बायकांसाठी ‘सहचरी’ हा गट आहे. कारण दारू एक जण पितो, पण आजारी सारं घर पडतं.

ऑफिसात “ह्यांना ताप आहे” असा निरोप धाडायचा, पाटल्या मोडून उधारी फेडायची, ओट्यावर पडलेल्याला शेजारी उठायच्या आत घरात ओढायचं. हेतू अब्रू राखण्याचा. पण होतं काय, की पिण्याचा भुर्दंड पिणाऱ्याला कधी बसतच नाही. समर्थ होते ती दारू! याला आपल्या मराठीत नेमका शब्द आहे: पांघरूण घालणं.

मात्र हा शब्द जपून वापरावा. अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंना भरवणं हे एनेबल करणं नव्हे. त्यांचा हात खरोखरच उठत नाही. तसंच, व्यसन बायकोमुळे लागलं असाही याचा अर्थ मुळीच नाही.

मग करावं काय? सकाळी, ते शुद्धीवर असताना, शांतपणे सांगावं: “ऑफिसला तुम्हीच कळवा. उधारी तुमची तुम्ही फेडा.” जेवणखाण, डॉक्टरांकडे नेणं, केंद्रात सोबत जाणं ही खरी मदत, ती सोडू नये. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकाएकी बंद करू नये. त्याने झटके येऊन जीवावर बेतू शकतं, म्हणून आधी डॉक्टरांना विचारावं. हात उगारला जात असेल, तर वाद घालू नये. मुलांना घेऊन सुरक्षित जागी जावं. व्यसनमुक्तीच्या सल्ल्यासाठी १४४४६ हा सरकारी नंबर आहे, फोनला पैसे पडत नाहीत.

शेगावला जाऊन महाराजांना साकडं जरूर घाला, मनाला बळ येतं. पण घरी परतल्यावर पाटल्या कपाटातच राहू द्या. आणि पुढच्या वेळी मदतीला हात पुढे करताना स्वतःला एवढंच विचारा: याने माणूस उभा राहणार आहे, की त्याची बाटली?