नोंदणी स्थगित होणे हा अन्याय नव्हे

गर्भलिंग निदानाच्या खटल्यात न्यायालयाने आरोप निश्चित केले, की खटला निकाली निघेपर्यंत राज्य वैद्यकीय परिषदेला त्या डॉक्टरची नोंदणी स्थगित करता येते. 1994 च्या गर्भलिंग निदान प्रतिबंधक कायद्यातले हे कलम 23(2) वैद्यकीय व्यवसायाला सतत सलत आले आहे. गुन्हा सिद्ध होण्याआधीच माणसाची रोजीरोटी कशी काढून घेता, कागदातल्या चुकीसाठी डॉक्टरला गुन्हेगार कसे ठरवता, आणि मुलगी नको म्हणणारे घर सोडून मशीन चालवणाऱ्यालाच का धरता, असे त्यांचे प्रश्न आहेत. ते गंभीर आहेत, आणि प्रामाणिक डॉक्टरही ते विचारतात. म्हणून त्यांना उत्तर द्यायला हवे. माझे मत असे, की हे कलम न्याय्य आहे. दुखणे त्याच्या कठोरपणात नसून ते वेळेवर आणि सर्वांना सारखे लागू न होण्यात आहे.

आपले धरणगाव ज्या जिल्ह्यात येते तिथूनच हिशेब मांडू. जळगाव जिल्ह्यात 2001 च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे 880 मुली होत्या. 2011 मध्ये त्या 842 उरल्या. त्या वर्षी राज्याचा आकडा 894 होता, आणि जळगावच्या खाली फक्त 807 वर आलेला बीड जिल्हा होता. निसर्गतः जन्माचे प्रमाण हजार मुलग्यांमागे साधारण 950 मुलींचे असते. म्हणजे खानदेशातल्या या सुपीक, केळी-कापसाच्या जिल्ह्यात दर हजारी शंभराहून अधिक मुली कमी होत्या. मुलींच्या आजारपणाकडे दुर्लक्ष होते हे त्यातले एक कारण असेल, पण दहा वर्षांत एवढी घसरण त्याने होत नाही. मुलाची हाव जुनी आहे. नवे आले ते गर्भातले लिंग पाहणारे यंत्र, आणि ते पडद्यावर ओळखून सांगायला शिकलेला माणूस लागतो. घरातली इच्छा कृतीत उतरते ती त्याच्या होकारानंतर.

आता पहिला आक्षेप. आरोप सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोष, हे फौजदारी न्यायाचे तत्त्व आहे, आणि ते तुरुंगाच्या दाराशी लागू होते. वैद्यकीय परिषदेपुढचा प्रश्न वेगळा असतो: चौकशी चालू असताना या व्यक्तीच्या हाती रुग्ण सोपवावा का? लाचेच्या सापळ्यात सापडलेला तलाठी निलंबित होतो तेव्हा त्याला शिक्षा झाली असे कोणी म्हणत नाही. दप्तर त्याच्या हाती राहू नये, एवढाच त्याचा अर्थ असतो. शिवाय हे कलम पोलिसांत तक्रार झाली म्हणून लागत नाही, पुरावा पाहून न्यायालयाने आरोप निश्चित केल्यावर लागते. डॉक्टरांच्या वर्तनासंबंधीच्या 2002 च्या नियमांतही 7.6 व्या नियमाने स्त्रीभ्रूणहत्येला व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहे, आणि फौजदारी कारवाईखेरीज नाव कमी करण्याची शिक्षा सांगितली आहे. दोन वाटा वेगळ्या आहेत हे व्यवसायाच्या स्वतःच्या आचारसंहितेतच लिहिलेले आहे.

दुसरा आक्षेप सोनोग्राफीच्या वेळी भरायच्या फॉर्म 'एफ'चा, आणि सर्वांत जास्त धुरळा त्यावरच उडतो. नाव अर्धे लिहिले, तारीख राहिली, म्हणून खटला? तो फॉर्म वाचला म्हणजे उत्तर मिळते. गर्भवतीला आधीची किती मुले आहेत आणि त्यांत मुलगे-मुली किती, तिला कोणी पाठवले, सोनोग्राफी कशासाठी केली, हे त्यात लिहायचे असते. गर्भाचे लिंग कोणालाही सांगितलेले नाही असे डॉक्टरला त्यात सहीनिशी जाहीर करावे लागते. गर्भलिंग निदान बंद खोलीत, दोन्ही बाजूंच्या संमतीने होते, त्याला साक्षीदार नसतो. मागे उरतो तो कागद. दोन मुली असलेल्या बाईची तपासणी कशासाठी झाली हा रकाना कोरा असेल, तर त्याला कारकुनी चूक म्हणता येत नाही. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय महासंघाने या कलमांना सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले, तेव्हा 3 मे 2019 रोजी न्यायालयाने ती वैध ठरवली आणि नोंदी ठेवणे हा या कायद्याचा गाभाच आहे असे मानले. चूक खरोखर निरागस असेल तर ती तशी दाखवून देण्याची संधी कायद्यातच आहे.

खटले वर्षानुवर्षे रेंगाळतात आणि तोवर डॉक्टर घरी बसतो, ही तक्रार मात्र खरी आहे. पण तिचा इलाज खटला लवकर चालवणे हा आहे. असा डॉक्टर मोकळा राहिला तर काय होते ते परळीने दाखवले. 2012 मध्ये तिथल्या डॉ. सुदाम मुंडे यांच्या रुग्णालयात गर्भपातादरम्यान एका महिलेचा मृत्यू झाला. 2019 मध्ये न्यायालयाने मुंडे यांना दहा वर्षांची शिक्षा दिली. आणि 2020 च्या सप्टेंबरमध्ये, जामिनावर असताना, हाच माणूस पुन्हा रुग्ण तपासताना सापडला. शिक्षा होऊनही जो थांबत नाही, त्याला खटला चालू असताना कोणी थांबवायचे?

दोष समाजाचा आहे, डॉक्टर निमित्तमात्र, असेही म्हटले जाते. हुंडा आणि वंशाच्या दिव्याची ओढ यांना मी सूट देत नाही. पण समाजाची नोंदणी रद्द होत नसते. अघोरी मागणीला नकार देता यावा म्हणूनच तर या व्यवसायाला मान आणि अधिकार दिलेला आहे. ग्रामीण भागात आधीच डॉक्टर कमी, हा बचाव तर त्या भागातल्या बायकांचाच अपमान आहे.

खरा आक्षेप परिषदेवर घ्यायला हवा. तक्रारीचा निर्णय सहा महिन्यांत द्यावा, आणि तोवर वादग्रस्त उपचार करण्यापुरती डॉक्टरला मनाई करता येते, असे 2002 चे नियम सांगतात. ही मनाई वापरली तर सारी प्रॅक्टिस बंद न पाडताही धोका टळतो. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कायद्यात, कलम 30 मध्ये, राज्य परिषदेच्या कारवाईविरुद्ध अपिलाचा हक्क डॉक्टरला लिहून दिला आहे, तक्रारदाराला नाही. ही उणीव दूर झाली पाहिजे. शिवाय ॲलोपॅथी, आयुर्वेद आणि होमिओपॅथी यांच्या परिषदा वेगवेगळ्या आहेत. सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळला 2017 मध्ये 19 भ्रूण पुरलेले सापडले, तिथला डॉक्टर होमिओपॅथीचा होता. तेव्हा ही शिस्त सगळ्या पॅथींना एकाच मापाने लागली पाहिजे.

आणि धरणगावच्या वाचकाला एक सांगणे. या कायद्यात तक्रार करण्याचा हक्क फक्त सरकारला नाही. कलम 28 प्रमाणे कायद्याच्या अंमलबजावणीसाठी नेमलेल्या समुचित प्राधिकाऱ्याला किमान 15 दिवसांची नोटीस देऊन कोणीही नागरिक किंवा सामाजिक संस्था थेट न्यायालयात जाऊ शकते. आपल्या गावात असे काही घडते आहे अशी खात्रीलायक माहिती असेल, तर ती पारावर कुजबुजत ठेवू नका. लेखी द्या, पोच घ्या, आणि पंधरा दिवसांत काही हालले नाही तर न्यायालयात जा.