गळ्याला लगाम, पण सैल

मनुष्याचा कंठ हे सर्व वाद्यांत भावपूर्ण, आणि म्हणूनच सर्वांत अनावर असे वाद्य होय. पेटीचा भाता सारख्या गतीने हलवला, तर स्वर सारखाच निघतो. परंतु गायकाचा आवाज एका शब्दावर कुजबुजतो आणि पुढच्याच शब्दावर टिपेला जातो. समोर बसून ऐकणाऱ्यास यात आनंदच वाटतो. मात्र तेच गाणे ध्वनिमुद्रित करून त्याभोवती गिटार, तबला व व्हायोलिन यांची साथ रचू लागले, की पेच उभा राहतो. हळू उच्चारलेला शब्द वाद्यांखाली बुडतो. त्याला वर काढावे म्हणून आवाज वाढवला, तर पुढचा चढा स्वर कानठळ्या बसवतो. या पेचावर ध्वनिमुद्रक जो उपाय योजतात, त्यास कंप्रेशन म्हणतात. आता घरच्या संगणकावर गाणी मुद्रित करण्याची सोय झाली असल्याने या उपायाचा गुण आणि धोका दोन्ही जाणून घेणे हिताचे आहे.

कंप्रेसर म्हणजे आवाजाच्या कळीवर सदैव हात ठेवून बसलेला एक दक्ष सेवक, असे समजावे. त्याला एक मर्यादा नेमून दिलेली असते. तिला थ्रेशोल्ड, म्हणजे उंबरठा, असे नाव आहे. समजा, उंबरठा उणे १८ डेसिबलवर ठेवला आणि प्रमाण चारास एक असे ठरवले. गायिकेचा स्वर उणे ६ पर्यंत चढला, म्हणजे उंबरठ्याच्या १२ डेसिबल वर गेला, तर त्यांपैकी केवळ ३ डेसिबल पुढे जातात. स्वर उणे १५ वर येतो आणि ९ डेसिबल कापले जातात. अशा रीतीने मंद व चढ्या स्वरांतील अंतर घटले, की सबंध गायन थोडे वर उचलता येते, आणि बुडालेला शब्द श्रोत्याच्या कानी पोहोचतो.

परंतु किती कापावे याइतकेच केव्हा कापावे हेही महत्त्वाचे असते. यंत्राने स्वर दाबण्यास लावलेला वेळ म्हणजे अटॅक, आणि सोडण्यास लावलेला वेळ म्हणजे रिलीज. अटॅक अतिशीघ्र असला, तर 'ट', 'क', 'प' यांसारख्या व्यंजनांची धार बोथट होते आणि शब्द तोंडातच विरघळल्यासारखे वाटतात. रिलीज चुकला, तर दोन शब्दांमधला आवाज लाटेसारखा वर-खाली होऊ लागतो.

या बाबतीत अमेरिकेतील दोन जुनी यंत्रे आजही आदर्श मानली जातात. १९६० च्या दशकात आलेल्या टेलिट्रॉनिक्स एलए-२ए या यंत्रात स्वर चढला, की एक लहानसा प्रकाशपट्ट उजळतो व त्या उजेडाच्या प्रमाणात आवाज दाबला जातो. उजेडाचा परिणाम सावकाश ओसरत असल्याने हे यंत्र स्वराला हळुवारपणे सोडते. उलट बिल पटनम यांचे १९६७ सालचे ११७६ हे यंत्र सेकंदाच्या एक सहस्रांशाहूनही कमी अवधीत झडप घालते. अनेक ध्वनिमुद्रक दोन्हींकडून काम घेतात: पहिल्या शीघ्र यंत्राने केवळ अवचित उसळलेले स्वर अडवावेत, आणि दुसऱ्या संथ यंत्राने संपूर्ण गायन सावरावे. भार दोघांत वाटला गेला, की कोणाचाही हात जड पडत नाही. या यंत्रांच्या संगणकीय प्रतिकृती आज उपलब्ध आहेत.

आता धोक्याकडे वळू. कंप्रेशननंतर सबंध आवाज ९ डेसिबल उचलला, तर मंद शब्दांबरोबर गायकाचा श्वास, 'स' आणि 'श' यांचा सीत्कार, खोलीतील पंख्याची घरघर, ही सारी मंडळीही तितकीच वर येतात. याहून मोठी हानी निराळीच आहे. गायकाने एखादा शब्द हलकेच उच्चारला, तो सहेतुक. दुःख मोठ्याने बोलत नसते. यंत्राला हा हेतू कळत नाही. त्याने कुजबुज आणि आक्रोश एकाच उंचीवर आणून बसवले, की गाणे स्पष्ट ऐकू येते, पण हृदयाला भिडत नाही.

म्हणून नवशिक्याने काही पथ्ये पाळावीत. यंत्र जोडण्यापूर्वी फार चढलेले व फार दबलेले शब्द हातानेच कमी-अधिक करून घ्यावेत; मग यंत्राकडून ३ ते ६ डेसिबलांचेच काम घेतले, तरी बहुधा पुरते. निर्णय एकट्या आवाजावर न घेता वाद्यांच्या साथीत ऐकून घ्यावा. आणि कंप्रेशन लावलेला व न लावलेला आवाज यांची तुलना करताना दोन्ही सारख्याच मोठेपणाने ऐकावेत. कारण मनुष्याच्या कानास जे मोठे, तेच चांगले वाटते, आणि या मोहापायी पुष्कळ गाणी बिघडली आहेत.

लगाम घोड्याला थोपवून धरण्यासाठी नसतो, वाटेवर ठेवण्यासाठी असतो. ऐकणाऱ्याला प्रत्येक शब्द कळावा, पण कोठेही यंत्राची चाहूल लागू नये, इतकेच कंप्रेशन पुरेसे.