तुमचे तीन गुण, आमच्या तीन पाळ्या

मी सूतगिरणीत रिंगफ्रेमवर काम करतो. दहावी नापास. कविता करतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हंजे पुढं कुणी "तुमचा अधिकार काय?" असं विचारायला नको. माझा अधिकार हा, की माझं डोकं फिरलं होतं.

गेल्या साली सलग अकरा रातपाळ्या झाल्या. त्यातल्या चार डबल. बाराव्या दिवशी झोप आलीच नाही. खोलीवर पडलो तरी कानात स्पिंडलं फिरत. डोळे मिटले की धागा तुटायचा आणि मी अंथरुणात हात पुढं करून तो सांधायचो. असं तीन आठवडे. कविता सोडाच, हजेरीवर सही करताना स्वतःचं नाव आठवेना. एका पहाटे रुळाकडं चालत गेलो आणि परत आलो. का परत आलो ते मलाही ठाऊक नाय.

एका दोस्तानं दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या. गोळ्यांनी झोप आली. हे मी ठणकावून सांगतो, कारण आपल्यातले काही पठ्ठे मनाचा आजार म्हंजे पांढरपेशांचं चोचलं समजतात. १७ जानेवारी २०१६ ला हैदराबादेत रोहित वेमुला गेला तेव्हा आपण मोर्चे काढले. काढायलाच हवे होते. पण आपल्याच वस्तीतला पोरगा गप्प गप्प होत चालला, की आपण त्याच्या पाठीवर थाप मारतो, "वाघ आहेस तू भीमाचा" म्हणतो नि सभेला निघून जातो. वाघालाही झोप लागते, गड्यांनो.

भानगड झाली ती शेजारच्या खोलीत. तिथं समुपदेशक बसतात. भिंतीवर तक्ता टांगलेला : सत्त्व, रज, तम. त्यांनी आधी आडनाव विचारलं. मग खाणं विचारलं. मग म्हणाले, "तुमच्यात तमोगुण वाढलाय. मांसाहार सोडा. प्रारब्ध स्वीकारलं की मन शांत होतं." पाळी किती तासांची, हे त्यांनी विचारलं नाही. डबल म्हंजे काय, हेही नाही.

हा एका माणसाचा वेडेपणा असता तर मी हसून सोडून दिलं असतं. पण वाचायला बसलो तसं कळलं, की मानसोपचारात 'भारतीय मन' आणायची ही खटपट जुनी आहे, आणि ती करणारे मोठे लोक आहेत. जसवंतसिंग नेकी हे नावाजलेले मनोविकारतज्ज्ञ, पंजाबीतले कवीही. त्यांनी १९७३ साली मांडलं, की आपल्याकडं उपचाराचा नमुना म्हणून गुरू-चेला हे नातं घेता येईल. कवी माणूस, हेतू चांगलाच असणार. पण आमच्या पोरांना गुरू म्हटलं की आधी अंगठा आठवतो, त्याला काय करावं? आज तीन गुण मोजायच्या प्रश्नावल्याही निघाल्यात. मोजा. पण गीतेच्या अठराव्या अध्यायात याच गुणांवरून चारी वर्णांची कामं वाटलीत. शूद्राच्या वाट्याला सेवा, तीही 'स्वभावानं'. आपण तर त्या यादीतही नाही. म्हंजे ज्या काट्यानं माझं मन तोलायचं, तो काटाच ज्यानं मला गावाबाहेर बसवलं त्याच्या दुकानातला!

स्वभाव म्हंजे काय ते गिरणीनं आपल्या आज्या-पणज्यांना कधीच शिकवलंय. मुंबईच्या कापडगिरण्यांत विणकर खात्यात पगार जास्त. पण तिथं धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे. अस्पृश्याचं तोंड लागलेला धोटा बाकीच्यांना चालेना. म्हणून आपले लोक कमी पगाराच्या कताईत. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल उभा केला. त्या माणसांना रात्री झोप येत नसेल तर ते तमोगुणानं?

चरकाचंही तेच. मनाला अहितापासून आवरणं, याला तो सत्त्वावजय म्हणतो. कबूल, विचार शहाणा आहे. पण माझं अहित रोज पाळीला समोर उभं राहतं आणि गैरहजेरी मांडतं. त्याच्यापासून मन कसं आवरू? आणि रोगाच्या कारणाला शब्द कोणता? प्रज्ञापराध! अपराध पुन्हा रोग्याचाच.

परंपरा म्हटलं की एर्वाडीही सांगा. तामिळनाडूत, दर्ग्याच्या आसऱ्यानं चाललेल्या एका घरात मनोरुग्ण साखळीनं बांधलेले होते. ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे आग लागली. २८ माणसं गेली. त्यांना पळता येत नव्हतं.

मग आपलं असं काहीच नाही का? आहे. माझ्या आजीच्या अंगात यायचं. १९५६ नंतर घरातले देव नदीत गेले, पण आषाढात ती घुमायचीच. एरवी पाटलापुढं मान वर न करणारी बाई घुमताना त्याला अरेतुरे करायची. आमच्या कार्यकर्त्या चुलत्यानं ते बंद पाडलं. अंधश्रद्धा म्हणून बंद पाडलं ते ठीक. पण त्यानंतर ती मरेपर्यंत मोठ्यानं बोलली नाही. देवी खोटी होती, बोलणं खरं होतं. ते शुद्धीवर असताना कसं बोलायचं, हे तिला ना चुलत्यानं शिकवलं ना कुठल्या डॉक्टरनं.

आणि बुद्ध आहे. बुद्धानं मनाला मध्यभागी ठेवलं, म्हणून तो आज सगळ्यांना हवाय. १९७९ पासून अमेरिकेतल्या दवाखान्यांत त्याची 'सती', म्हंजे सजगता, उपचार म्हणून शिरली. तिकडून फिरून ती आमच्या गिरणीत आली : तणावमुक्ती शिबीर, वेळ जेवणाच्या सुट्टीतून कापलेली! श्वास बघा म्हणाले. खात्यात श्वासाबरोबर कापसाची भुकटी आत जाते, ती बघायची का? 'बुद्ध आणि त्याचा धम्म' १९५७ साली निघाला. त्यात बाबासाहेबांनी म्हातारा-रोगी-प्रेत बघून घर सोडल्याची गोष्ट नाकारली आणि रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य-कोलियांचं भांडण पुढं ठेवलं. बुद्ध घर सोडतो तो पाण्याच्या तंट्यापायी! सगळं जीवनच दुःख असेल तर माणसाला आशा कुठली, हेही त्यांनी विचारलं. मनाचा विचार आपल्या परंपरेतून आणायचा तर इथून आणा. दुःख कुठून येतं ते विचारणारा.

२०१७ चा मानसिक आरोग्याचा कायदा वाचा. आजार ठरवताना माणसाची सामाजिक किंवा आर्थिक पायरी धरायची नाही, असं त्यात लिहिलंय. उपचाराचा हक्कही लिहिलाय. त्याच कायद्यात आयुर्वेद आणि योगवाल्यांच्या संस्थाही बसतात, तेव्हा तो तक्ता भिंतीवर वाढणारच. तिथं जाऊन बसायचं, आणि विचारायचं. दवाखाना लांब असेल तर १४४१६ वर फोन लागतो, मराठीतही बोलतात.

पुढल्या मंगळवारी मला परत जायचंय. रजा नाही, खाडा पडेल. माझ्या केसपेपरवर बाईंनी 'झोप नाही' एवढंच लिहिलंय. त्याखाली 'सलग अकरा रातपाळ्या, चार डबल' असं लिहून द्या म्हणणार आहे.