गाडीचा हौदा हेही कोठारच

पेठेतून किरकोळ दुकानदाराकडे माल पोचविण्याचे बरेचसे काम आता लहान मालगाड्या करतात. २००५ साली टाटांची ‘एस’ निघाली आणि लोकांनी तिला ‘छोटा हत्ती’ म्हटले. मोठ्या खेपांस पिकअप असते. नवी गाडी दारी आली की आपण नारळ फोडतो, पुढे ‘शुभ लाभ’ रंगवितो, बैठकीस गादी करवितो. परंतु ज्या हौद्यात माल भरावयाचा, त्याकडे कोण पाहतो?

आम्हीही यास अपवाद नव्हतो. काही वर्षांपूर्वी हौद्याचा रंग खरचटू नये म्हणून आम्ही त्यात प्लॅस्टिकचे अखंड अस्तर बसविले. ऐन पावसाळ्यात बेळगावहून चोर्ला घाटाने तूरडाळ गोव्यास रवाना केली. वरची ताडपत्री मजबूत होती. तथापि कडेने पाणी झिरपले, आणि तळाची भोके अस्तराने बुजल्यामुळे ते पोत्यांखालीच साचले. खालच्या थरास कुबट वास आला व माल परत आला. आम्ही ड्रायव्हरला चार माणसांदेखत बोल लावले. मागाहून अस्तर उचलून पाहिले, तेव्हा दोष आमचाच निघाला. त्याची क्षमा मागितली. पण बोललेले शब्द परत घेता येत नाहीत.

यावरून आमचे मत असे झाले आहे की, हौदा सजवावयाचा तो मालासाठी, गाडीच्या देखणेपणासाठी नव्हे. तळाची भोके सदैव मोकळी असावीत. त्यावर फटी ठेवून ठोकलेल्या लाकडी पट्ट्यांच्या दोन-तीन चौकटी अंथराव्यात; त्या उचलून हौदा धुता व वाळविता आला पाहिजे. खिळ्यांची डोकी वर राहू देऊ नयेत. पत्र्यास ओरखडा पडताच घासून रेड ऑक्साइड व रंग लावावा. मीठ अथवा खत वाहिल्यावर हौदा त्याच दिवशी धुवावा, कारण दोन्ही ओल धरतात व पत्रा खातात. ताडपत्रीच्या कडा फाळक्याच्या बाहेर सोडाव्यात, म्हणजे पाणी आत उतरत नाही.

धान्य ओलावले की त्यात कीड होते आणि मग ती मारण्यास औषध आणावे लागते. अहिंसा मानणाऱ्या आपल्या समाजाने कीड होऊच न देण्याचा, कोरड्या हौद्याचा मार्ग आधी धरावा, हे उचित नव्हे काय?

याहून गंभीर गोष्ट विषाची. १९५८ साली केरळात वाहतुकीत पॅराथिऑन हे कीटकनाशक मिसळलेले गव्हाचे पीठ खाण्यात येऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. पुढे १९६८ चा कीटकनाशक कायदा झाला. त्याखालील १९७१ च्या नियमांनुसार अशी औषधे खाद्यपदार्थांच्या संपर्कात येतील अशा रीतीने नेण्यास मनाई आहे. तरीही परतीचे भाडे मिळते म्हणून औषधाचे डबे व धान्य एकाच फळीवर ठेवणारे दिसतात. सांडलेले औषध लाकडात मुरते. मग कितीही पाणी मारले तरी भरवसा नाही. अशी चौकट धान्यास पुन्हा वापरू नये.

हौसेलाही मर्यादा हवी. हौद्यात ५० किलोंचे लाकूड घातले की ५० किलोंचे एक पोते कमी भरले पाहिजे, कारण गाडीचे मंजूर एकूण वजन त्यामुळे वाढत नाही. फाळके उंच करून नोंदणीतील तपशिलात फरक पडेल असा बदल करण्यास १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आड येते. यास्तव वेल्डिंगवाल्याकडे जाण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारणा करावी.

भाड्याची गाडी लावणाऱ्या बंधूंनी तर भाव ठरविण्याआधी ‘मागच्या खेपेस काय भरले होते?’ हा प्रश्न अवश्य विचारावा आणि स्वतः हौद्यात चढून पाहावे. गोदामातील धान्यास आपण जपतो; वाटेवरच्या त्या चार तासांतही ते आपलेच असते. आणि ते ज्यांच्या ताटात पडावयाचे, त्यांना आपला हौदा कधीच दिसणार नसतो.