घाटमाथ्यावरून घाट पाहणारे

परवा एका जाणत्या गृहस्थांनी जेवणाच्या पंगतीत आमच्यासारख्यांची हजेरी घेतली. त्यांचं म्हणणं असं: दोघा मित्रांनी पाठीवर सॅक टाकून, एसटीने हिंडून, देवळात पथारी पसरून केलेली भटकंती म्हणजे गरिबीची हौस. गावाला चार पैसे मिळत नाहीत, नुसत्या गप्पा होतात, आणि इतिहास काडीचाही कळत नाही. त्यापेक्षा गाडी करावी, संध्याकाळी घरी. सगळे माना डोलवत होते. जेवण त्यांच्याकडेच होतं म्हणा.

गप्पा होतात, हे कबूल.

इतिहासाचं मात्र मी ऐकून घेणार नाही. हे गृहस्थ स्वतः नाणेघाट ‘करून’ आलेत. जुन्नर, घाटघर, पुढे थेट माथ्यापर्यंत गाडी. दगडी रांजणाशी फोटो, लेण्यात डोकावणं, परत. अहो, घाट ही चढायची गोष्ट! आम्ही माळशेजकडे जाणाऱ्या एसटीतून वैशाखऱ्याजवळ उतरलो आणि कोकणातून वर चढलो. सोपारा-कल्याणच्या बंदरांतला माल जुन्नर-पैठणकडे जायचा तो याच वाटेने. शेवटी दोन कातळांमधली अरुंद नाळ लागते. पायांखाली दगडांची फरसबंदी, सदरा पाठीला चिकटलेला, घशाला कोरड. आणि नेमकं तिथेच सावलीचं गार लेणं. लोक म्हणतात, त्या रांजणात जकातीची नाणी टाकत. तिथे टेकल्यावर कळलं की जकात मागायला याहून धूर्त जागा नाही. इतकं चढून आलेला व्यापारी हुज्जत घालेल की माघारी उतरेल? दोन्हींचं त्राण त्याच्यात उरलेलं नसतं. हे गाडीच्या काचेतून कसं दिसावं?

लेण्याच्या भिंतींवर राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. यज्ञांत दिलेल्या गाई, घोडे, कार्षापण नाण्यांची जंत्री, चक्क आकड्यांसह. समोरच्या भिंतीवर सातवाहन घराण्याचे पुतळे होते. आता वर नावं आणि खाली पावलांच्या खुणा, एवढंच. माझा मित्र बूट काढून तळपायाचे फोड बघत होता. मान वर करून म्हणाला, “यांचेही पायच उरले की रे.” एकटा असतो तर मी नावं वाचत बसलो असतो, पावलांकडे बघितलंही नसतं.

आणि गावाचे पैसे? यांच्या गाडीत डबे घरचे, पाणी घरचं. आम्ही पिठलं-भाकरी घाटघरात खाल्ली, पैसे मोजून.

मागे गडावर पायी जावं की रोपवेने, यावरूनही या गृहस्थांशी आमची जुंपली होती. म्हाताऱ्याकोताऱ्यांसाठी असू द्या, हे मी तेव्हाच मान्य केलं होतं. हे गृहस्थ तेव्हा पस्तिशीत होते.

मग आमचं मागणं काय? फार नाही. जुनी वाट जमेल तेवढी पायांनी चालावी, आणि सोबतीला आपल्यापेक्षा वेगळं बघणारं कुणी असावं. गृहस्थांनी एकदा आमच्याबरोबर यावं. तिकीट मी काढतो. बूट मात्र चांगले घाला; पावसाळ्यात नाळेतले दगड फार निसरडे असतात.